पोल पॉटची भावजय

राज्ये बुडाल्याचे, राजधान्या ओस पडल्याचे आणि रयत परागंदा झाल्याचे दाखले इतिहासाच्या दप्तरात जागोजाग सापडतात. दुष्काळ, महामारी, परचक्र अशी त्यांची कारणेही बहुधा बाहेरून आलेली असतात. परंतु ज्यांच्या हाती देशाचा कारभार आला त्यांनीच ठरवून, एकामागून एक हुकूम सोडून, आपल्याच समाजाची वीण उसवून टाकावी, चलन रद्द करावे, बाजार मोडावे, शाळा आणि मठ बंद करावेत, शहरेच्या शहरे रिकामी करावीत आणि हे सर्व चार वर्षांच्या आत उरकावे, असा प्रकार विसाव्या शतकात कंबोडियात ज्या निर्दयपणे घडला तसा अन्यत्र क्वचितच घडला असेल. त्या उत्पातातून जे वाचले आणि ज्यांनी मोडलेले पुन्हा उभे केले, त्यांत सैनिक होते, मुत्सद्दी होते, परदेशांतून औषधे घेऊन आलेले डॉक्टर होते. मला मात्र त्यांत सर्वांत विलक्षण वाटतात त्या साठीला टेकलेल्या एक नृत्यशिक्षिका. त्यांचे नाव चिया सामी. ज्या पोल पॉटच्या अंमलात हा सर्वनाश झाला, त्याच्या त्या थोरल्या भावजय होत्या, आणि लहानपणी तो त्यांच्याच घरात राहिला होता.

चिया सामींचा जन्म १९१९ च्या सुमाराचा. १९२५ साली, वयाच्या सहाव्या वर्षी, त्यांना नॉम पेन्हच्या राजवाड्यात नृत्य शिकण्यासाठी ठेवण्यात आले. गादीवर वृद्ध राजा सिसोवाथ होता. देशावर खरी हुकमत फ्रेंचांची होती, पण राजवाड्याच्या तटाआड दरबारचे रीतिरिवाज जुन्या वहिवाटीनेच चालत. तेथील नर्तकी राजाच्या परिवारात मोडत आणि तटाबाहेर त्यांना सहसा जाऊ दिले जात नसे. त्यांच्या नृत्याकडे लोक केवळ करमणूक म्हणून पाहत नसत. राजाने देवतांकडे रुजू केलेली ती विनंतीच मानली जाई. पाऊस लांबला म्हणजे समुद्राची देवता मणिमेखला आणि परशू घेतलेला राक्षस यांचा झगडा राजवाड्यात नाचून दाखवीत. देवतेच्या हातातील स्फटिकगोलाचा लखलखाट ही वीज आणि राक्षसाने भिरकावलेल्या परशूचा आवाज हा मेघांचा गडगडाट. या नृत्यनाट्यांतील फार मोठा भाग रामकथेचा असतो. कंबोडियातील रामायणाला रीमकेर म्हणतात. त्यातील राम, सीता, हनुमान आणि रावण ओळखण्यास मराठी प्रेक्षकाला कोणाही दुभाष्याची गरज पडणार नाही.

सामींना शिकविणाऱ्यांत राजकन्या सुंफादी होत्या. १९०६ साली सिसोवाथ राजा फ्रान्सच्या दौऱ्यावर गेला तेव्हा त्याच्याबरोबर गेलेल्या नर्तकीवृंदात या राजकन्येचा वावर होता; त्याच दौऱ्यात शिल्पकार रोदँ या नृत्याने इतका भारून गेला की पॅरिसहून तो नर्तकींच्या मागोमाग मार्सेयपर्यंत आला आणि त्याने त्यांची सुमारे दीडशे रेखाचित्रे काढली. ती चित्रे आज संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. पण रेखाटनात नृत्याचा एक क्षण तेवढा सापडतो. त्याच्या आधी काय आणि नंतर काय, हे सांगणारी वही राजवाड्यात कोणीच लिहिलेली नव्हती, कारण ती लिहिण्याची गरज कधी कोणाला वाटली नव्हती. विद्या गुरूच्या शरीरातून शिष्याच्या शरीरात उतरत होती आणि शतकानुशतके तेवढे पुरत होते.

ते उतरणे किती कष्टाचे असे, हे तालमीच्या वर्णनावरून लक्षात येते. हाताची बोटे मनगटाकडे उलटी वळावीत म्हणून लहान मुलींची बोटे दररोज मागे दाबून घेत. कोपर सरळ रेषेच्याही पलीकडे वळावा म्हणून बाहू दोन गुडघ्यांच्या पकडीत धरून ताणत. कणा कमानदार, गुडघे वाकलेले आणि पायांची बोटे वर उचललेली ठेवून अतिशय संथ लयीत सगळ्या मूळ हालचालींची एक लांबलचक उजळणी करावयाची, आणि ती अंगवळणी पडेपर्यंत कोणत्याही भूमिकेचे नाव काढावयाचे नाही. हाताच्या मूळ मुद्रा झाडाच्या जीवनक्रमावर बेतलेल्या आहेत. तर्जनी वर उभी राहिली की तो कोंब. अंगठा तळहातावर आणून बाकीची चार बोटे ताठ मागे वळली की ते पान. पुढे फूल आणि मग फळ. या थोड्या मुद्रांच्या मेळातून लज्जा, क्रोध, विरह, निघून जाणे, परत येणे असे सर्व काही बोलून दाखवावयाचे असते. भूमिका चार प्रकारच्या, स्त्री, पुरुष, राक्षस आणि वानर. मुलीची चण आणि चेहरा पाहून तिला त्यांपैकी एक भूमिका दिली जाई आणि बहुधा आयुष्यभर ती तीच करी. राक्षसाची पावले जिच्या अंगात मुरली तिला राजकन्येची पावले डोळ्यांनी माहीत असत, पायांनी नव्हेत. आपल्याकडील घराण्यांत एखादी चीज एकाच बुवांच्या गळ्यात उरावी तसा हा प्रकार होता, आणि पुढे जे घडले त्याचे गांभीर्य समजण्यासाठी ही व्यवस्था ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

सामींचा विवाह राजवाड्यातच चाकरीला असलेल्या सुओंग या गृहस्थांशी झाला. सुओंग काँपाँग थॉम प्रांतातील एका खाऊनपिऊन सुखी शेतकरी कुटुंबातले; नात्यातील मियाक ही स्त्री पुढील राजा मोनिवाँग याच्या अंतःपुरात होती, तिच्यामुळे या घराण्याचा राजवाड्यात शिरकाव झाला होता. १९३४ च्या सुमारास सुओंग यांचा धाकटा भाऊ सालोथ सार शिक्षणासाठी गावाहून नॉम पेन्हला आला. काही महिने बौद्ध मठात काढल्यावर तो फ्रेंच शाळेत जाऊ लागला आणि राहावयास थोरल्या भावाच्या घरी आला. पुढे, सर्व काही होऊन गेल्यावर, जगभरच्या वार्ताहरांनी सामींना आणि सुओंग यांना पुन्हा पुन्हा विचारले की हा मुलगा कसा होता. दोघांचेही उत्तर एकच असे, की मुलगा शांत होता आणि त्याने घरात कधी त्रास दिला नाही. ऐकणाऱ्याला हे उत्तर अपुरे वाटते. परंतु मला त्यात सामींचा प्रामाणिकपणा दिसतो, कारण राक्षसाची चिन्हे पाळण्यातच दिसत होती असे सांगणे त्यांना सोपे होते आणि सोयीचेही. तसे त्यांनी केले नाही. हाच सार १९४९ साली शिष्यवृत्ती घेऊन रेडिओचे तंत्र शिकण्यासाठी पॅरिसला गेला, परीक्षेत न उतरता साम्यवादी होऊन परतला, १९६३ साली भूमिगत झाला, आणि पुढे पोल पॉट या नावाने जगापुढे आला.

मधल्या काळाचा वृत्तान्त थोडक्यात सांगितला तरी पुरेल. शेजारच्या व्हिएतनाममधील युद्धाची झळ कंबोडियाला लागली, अमेरिकन विमानांनी १९७३ पर्यंत त्याच्या ग्रामीण मुलखावर बाँबचा वर्षाव केला, १९७० साली लॉन नॉल या सेनापतीने देशाचे प्रमुख राजपुत्र सिहानुक यांना पदच्युत केले, आणि पाच वर्षांच्या यादवीनंतर १७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या साम्यवादी संघटनेचे, म्हणजे ख्मेर रूजचे, काळ्या कपड्यांतील, कित्येक तर मिसरूडही न फुटलेले सैनिक राजधानीत शिरले. कंबोडियाचे नववर्ष आपल्या मेषसंक्रमणाच्याच सुमाराला येते. ते होऊन दोन-तीन दिवसही उलटले नव्हते. युद्ध संपले म्हणून लोकांनी प्रथम आनंद केला. काही तासांतच हुकूम सुटला की सर्वांनी शहर सोडावे, अमेरिकन विमाने येणार आहेत, तीन दिवसांनी परत यावयाचे आहे. निर्वासितांनी फुगलेल्या त्या शहरातील वीस लाखांहून अधिक माणसे, इस्पितळांतील रुग्णांसुद्धा, वर्षातील सर्वांत कडक उन्हाच्या महिन्यात रस्त्याला लागली. त्या वाटचालीत जे मेले त्यांत सुओंग यांचा आणि पोल पॉटचा आणखी एक भाऊ, छाय, हाही होता.

तीन दिवसांची ती मुदत तीन वर्षे, आठ महिने आणि वीस दिवसांची झाली. कंबोडियातील लोक आजही तो काळ याच आकड्याने मोजतात. पैसा रद्द झाला, आणि राष्ट्रीय बँकेची इमारत स्फोटाने उडवून देण्यात आली. राजधानीतील कॅथेड्रल दगड दगड करून पाडले. बौद्ध भिक्षूंना चीवर उतरवून शेतात जुंपले. कुटुंबाने एकत्र जेवणे बंद झाले. सामुदायिक भोजनशाळेत तांदळाची पातळ पेज मिळे, आणि ती पिऊन पहाटेपासून रात्रीपर्यंत बांध घालावे व कालवे खणावे लागत. या सर्वांवर हुकमत चालविणाऱ्या सत्तेला चेहरा नव्हता; तिला नुसते अंगकार, म्हणजे संघटना, असे म्हणत. शहरातून आलेल्यांना ‘नवे लोक’ असे नाव होते आणि नव्या लोकांच्या जिवाची किंमत काहीच नव्हती. शिकलेला माणूस संशयित ठरे. पुष्कळांनी चष्मे फेकून दिले आणि आपल्याला लिहिता येत नाही असे सांगितले. नॉम पेन्हमधील एका शाळेचे तुरुंगात रूपांतर झाले, त्याचे नाव तुओल स्लेंग; तेथे नेलेल्या १४,००० हून अधिक कैद्यांपैकी जिवंत बाहेर पडलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. एकंदर लोकसंख्या सुमारे ७८ लाख, आणि उपासमार, रोग, वेठ व हत्या यांनी मृत्यू पावलेल्यांचा अंदाज सुमारे १७ लाख.

राजवाड्यातील नर्तकी या हिशेबात दुहेरी गुन्हेगार होती. तिने राजाचे अन्न खाल्ले होते, आणि तिला येत असलेली विद्या तांदूळ पिकविण्याच्या कामाची नव्हती. नव्या राजवटीला नृत्यच नको होते असे नाही. कुदळी आणि बंदुका घेऊन कवायतीसारखी होणारी क्रांतीची नृत्ये तिने बसविली होती. परंतु जुने नृत्य म्हणजे जुना काळ, आणि जुना काळ मुळासकट नाहीसा करावयाचा होता. एम थियाय या राजवाड्यातील गायिका-नर्तकीने आपण कोण हे कबूल केले, आणि तेथील मुकादमांना तिचे गाणे आवडले म्हणून ती तरली. परंतु बहुतेकींच्या वाट्याला असे दैव आले नाही. दरबारी नृत्य आणि संगीत जाणणाऱ्या कलावंतांपैकी दहांत आठ ते नऊ जण त्या काळात गेले, असा अंदाज सर्वत्र सांगितला जातो.

सामी आणि सुओंग यांनी ही वर्षे इतरांसारखीच काढली, चिखलात, अर्धपोटी, तोंड मिटून. राज्य कोण चालवीत आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हते. १९७८ साली भोजनशाळेच्या भिंतीवर सर्वश्रेष्ठ नेत्याची तसबीर लावण्यात आली, तेव्हा त्यांना समजले की ज्याच्या नावाने आपण मरत आहोत तो आपल्या घरातला सार आहे. हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. पोल पॉटकडे निरोप धाडून त्यांनी शिधा वाढवून का घेतला नाही, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. ज्या राजवटीत सख्खा भाऊ रस्त्यावर मरून पडला तिच्यात नात्याचा हवाला देणे म्हणजे मृत्यूला पत्ता कळविणे होते. त्या गप्प राहिल्या आणि जगल्या. हा शूरपणा नव्हे असे ज्यांना वाटते त्यांच्याशी माझा मतभेद आहे. ज्या विद्येचा एकही कागद उरलेला नाही, ती ज्याच्या अंगात आहे त्याने केवळ जिवंत राहणे हेच त्या वेळचे सर्वांत मोठे कार्य होते, मग ते त्याला स्वतःला कळो वा न कळो.

७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी फौजांनी नॉम पेन्ह घेतले आणि पोल पॉट थायलंडच्या सरहद्दीकडे पळाला. त्यानंतरचे कंबोडिया हे राष्ट्र म्हणावे अशा स्थितीत नव्हते. लाखो माणसे नवरा, बायको, मुले शोधीत एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात पायी हिंडत होती. पेरण्या झाल्या नव्हत्या, दुष्काळ दारात होता. टपाल नव्हते, तार नव्हती, न्यायालय नव्हते, नाणे नव्हते. सरकारी नोकराला पगार मिळे तो तांदळाच्या मापाने. नवे चलन मार्च १९८० मध्ये निघाले तोपर्यंत बाजारातील किंमत तांदळात किंवा सोन्यात मोजली जाई. शाळा उघडल्या त्या ज्याला चार अक्षरे अधिक येतात त्याने कमी येणाऱ्याला शिकवावे, एवढ्याच तत्त्वावर.

अशा वेळी नृत्याची आठवण कोणाला व्हावी, आणि का व्हावी? हा प्रश्न रास्त आहे, आणि मीही तो बराच काळ मनाशी घोळविला. पण घडले असे की राखेतून उभ्या राहिलेल्या नव्या सरकारने अगदी आरंभीच जिवंत कलावंतांचा शोध सुरू केला. त्यात राजकीय हेतू निश्चित होता. जगातील बहुतेक राष्ट्रे त्या सरकारला मान्यता देत नव्हती, आणि आपण कंबोडियाच्या परंपरेचे वारस आहोत हे त्याला दाखवावयाचे होते. परंतु ज्यांनी प्रत्यक्ष शोध घेतला त्या माणसांचा हेतू याहून खोल होता. त्यांत छेंग फोन होते, स्वतः नाट्यकलावंत आणि पुढे देशाचे संस्कृतिमंत्री झालेले. प्रांतांतल्या गावी असलेल्या चिया सामींपर्यंत बोलावणे पोचले आणि त्या नॉम पेन्हला आल्या. १९८१ साली ललितकलांची शाळा अधिकृतपणे पुन्हा सुरू झाली तेव्हा तेथील नृत्यशिक्षणाचा भार मुख्यतः त्यांच्यावर पडला.

त्यांच्या हाती भांडवल काय होते? राजवाड्यातील सोन्याच्या जरीची वस्त्रे, जी नर्तकीच्या अंगावर प्रयोगाआधी प्रत्यक्ष शिवून बसवावी लागत, ती गेली होती; मुकुट आणि मुखवटे गेले होते; वाद्ये फुटली होती, वादक मेले होते. ध्वनिमुद्रणे आणि छायाचित्रे थोडीशी उरली, पण त्यांतून नृत्य शिकता येत नाही. उरलेल्या शिक्षिका थोड्या, त्यांतील बहुतेक पन्नाशी-साठीच्या पुढच्या आणि चार वर्षांच्या उपासमारीने खंगलेल्या. म्हणून काम सुरू झाले ते स्मरणाची वर्गणी गोळा करण्यापासून. एकीला गाणे आठवे पण त्यावरील पावले आठवत नसत. दुसरी उभी राहून हात हलवू लागली की हात आपोआप पुढे जात आणि मग मनाला आठवे. सोथ साम ओन या राक्षसाच्या भूमिकेत मुरलेल्या होत्या. प्रोएंग छियेंग वानराच्या भूमिकेत वाढलेले. सामींच्या ठायी राजवाड्यातील जुनी शिस्त आणि सुंफादींच्या काळापासूनची आठवण. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, आणि हे तुकडे जुळविताना मधली जी जागा रिकामी राहिली ती कायमची रिकामी राहिली, कारण ती ज्यांना ठाऊक होती त्या स्त्रिया कोणत्या शेताच्या बांधाखाली पुरल्या गेल्या हे सांगणारे कोणी नव्हते. ज्या रचना संपूर्ण गेल्या त्यांची यादी करणेही शक्य नाही.

आणि शिष्य कोठून यावेत? राजवाड्याच्या काळी मुली निवडून येत. घराण्याची, रूपाची, चणीची पारख होई. आता जी मुले आली त्यांतील पुष्कळ अनाथ होती. त्यांना नृत्य पाहिल्याची आठवण नव्हती, कारण त्यांच्या बालपणात ते अस्तित्वातच नव्हते. आईवडिलांची शेवटची आठवणही काहींना धूसर होती. या मुलांच्या अंगावर मांस नव्हते, आणि जी बोटे मागे वळवावयाची ती आतापर्यंत मातीचे गोळे उचलीत आली होती. दरबारी नृत्याची तालीम सहाव्या-सातव्या वर्षी सुरू व्हावी असा दंडक; परंतु यांतील अनेकांचे ते वय ख्मेर रूजने खाऊन टाकले होते. तरी तालीम सुरू झाली. कोंब, पान, फूल, फळ. शाळेत गुरूंना वंदन करण्याचा विधी पुन्हा होऊ लागला. तो आपल्याप्रमाणेच गुरुवारी करतात, आणि त्यात हयात गुरूंबरोबर दिवंगत गुरूंनाही आवाहन करतात. त्या वर्षी तेथे बसलेल्यांना किती नावे घ्यावी लागली असतील याचा विचार वाचकाने करावा.

या पुनर्रचनेतील एक गोष्ट मला सर्वाधिक महत्त्वाची वाटते, आणि ती बहुधा दुर्लक्षिली जाते. सामींनी जे उभे केले ते जुन्या वास्तूची हुबेहूब प्रतिकृती नव्हते. ज्या राजवाड्यात त्या वाढल्या तेथे नृत्य ही राजाची मालमत्ता होती आणि नर्तकीही. त्या तटाआड जितके सौंदर्य होते तितकीच परवशताही होती, आणि ती सोनेरी होती म्हणून तिला परवशता म्हणू नये असे नाही. ख्मेर रूजने राजवाडा आणि नृत्य दोन्ही एकाच घावाने संपविण्याचा प्रयत्न केला. सामींनी त्यांतील नृत्य तेवढे उचलले आणि शेतकऱ्याच्या, सैनिकाच्या, बेवारस मुलाच्या स्वाधीन केले. राजवाड्यातील सहा वर्षांच्या मुलीला जे शिकण्यासाठी तटाआड कोंडून घ्यावे लागले होते, ते तिने म्हातारपणी कोणाही मुलासाठी उघडे केले. पोल पॉट समतेचे नाव घेऊन आला होता. त्याच्या भावजयीने, ते नाव न घेता, एका तालीमखोलीत ती थोडीशी प्रत्यक्षात आणली.

मात्र तिच्या देशाला जगाने त्या काळी काय वागणूक दिली हेही सांगितले पाहिजे. शीतयुद्धाच्या डावपेचांत व्हिएतनामला धडा शिकविणे थोर राष्ट्रांना इतके अगत्याचे वाटले की संयुक्त राष्ट्रसंघातील कंबोडियाची जागा १९७९ नंतरही वर्षानुवर्षे ख्मेर रूजच्या आणि पुढे ते ज्यात सामील होते त्या आघाडीच्या हाती राहिली. ज्यांनी देश मोडला तेच त्याचे प्रतिनिधी म्हणून बसले, आणि जे तो सावरीत होते त्यांना पाश्चात्त्य राष्ट्रांकडून मिळालेली मदत अपुरी आणि कचरत दिलेली होती. भारताने जुलै १९८० मध्ये नॉम पेन्हच्या सरकारला मान्यता दिली. साम्यवादी गोटाबाहेरील राष्ट्रांत ती पहिली होती. १९८६ पासून १९९३ पर्यंत भारतीय पुरातत्त्व खात्याच्या तुकड्यांनी, आसपास यादवी धुमसत असताना, अंगकोर वाटच्या मंदिराची डागडुजी केली. दगड धुण्याच्या त्यांच्या पद्धतीवर पुढे टीका झाली आणि ती सर्वस्वी गैरलागू नव्हती. परंतु जेव्हा दुसरे कोणी यावयास तयार नव्हते तेव्हा आपली माणसे तेथे गेली, याचा मला अभिमान वाटतो. तेथील भिंतींवरच्या अप्सरा दगडाच्या असल्यामुळे त्यांना वाचविण्यास वेळ होता. सामींना तशी सवड नव्हती. त्यांच्या पिढीचा प्रत्येक मृत्यू म्हणजे काही मुद्रांचा आणि काही पावलांचा अंत होता, आणि म्हणून त्या शिकवीत राहिल्या.

त्यांच्या हाताखाली त्या पहिल्या वर्षांत शिकलेल्यांत सोफिलीन चियम शापिरो होत्या, छेंग फोन यांच्या भाची. ख्मेर रूजच्या काळात त्या शाळकरी वयाच्या होत्या; पुनरुज्जीवित शाळेतून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील त्या एक. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी शेक्सपियरच्या ऑथेल्लोवर या प्राचीन शैलीत नवे नृत्यनाट्य रचले. जुन्या गुरूंना ते कितपत रुचले असते हा वेगळा प्रश्न. पण ज्या परंपरेत नवीन रचना होऊ लागते ती आजारातून उठली, एवढे निश्चित म्हणता येते.

चिया सामी १९९४ साली वारल्या. त्याच वर्षी नॉम पेन्हमधील राष्ट्रीय नाट्यगृह दुरुस्ती चालू असताना आग लागून जळाले. १९६८ साली उघडलेली ती सुंदर वास्तू युद्धातून आणि ख्मेर रूजच्या काळातून सुखरूप वाचली होती. छप्पर गेले तरी कलावंतांनी त्या पडक्या इमारतीतच पुढे कित्येक वर्षे तालमी चालविल्या. २००३ साली युनेस्कोने कंबोडियाच्या दरबारी नृत्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा बहुमान दिला आणि २००८ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत दाखल झाले. जाहीरनाम्यांत शिक्षिकांची नावे येत नाहीत.

आता महाराष्ट्रातूनही पुष्कळ प्रवासी अंगकोर पाहावयास जातात आणि मंदिरे पाहून परततात. त्यांना माझी एक विनंती आहे. तेथील एक संध्याकाळ नृत्यासाठी राखून ठेवा. आणि हॉटेलातील भोजनाबरोबर दाखविला जाणारा तासाभराचा नमुना पाहून समाधान न मानता, शक्य झाल्यास नॉम पेन्हला जाऊन एखाद्या नृत्यशाळेचा संपूर्ण प्रयोग पाहा. तिकिटाचे पैसे तेथील तालमींच्याच उपयोगी पडतात. आणि प्रयोग संपल्यावर नर्तकींची छायाचित्रे काढून झाली म्हणजे त्यांना शिकविणाऱ्या बाईंचे नाव विचारा, आणि त्या बाईंना कोणी शिकविले तेही विचारा.